चित्रातलं खेडं आणि बघणाऱ्याची जागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र कसं पाहावं यावर मी गेली काही वर्षं बोलते. खेड्याच्या चित्रांवर जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कशावरच येत नाहीत, आणि पुष्कळदा तेच ते येतात. त्यांतले चौदा इथे उत्तरांसकट देते आहे. बहुतेक उदाहरणं युरोपातली आहेत, कारण या प्रकारची परंपरा तिथे वाढली. आपल्याकडचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

१. पॅस्टोरल म्हणजे काय? खेड्याचं कुठलंही चित्र पॅस्टोरल म्हणायचं का?

नाही. लॅटिनमध्ये 'पास्तोर' म्हणजे मेंढपाळ. सावलीत बसलेला, पावा वाजवणारा, प्रेमात पडलेला गुराखी आणि त्याचं निवांत जग रंगवणारी परंपरा ती पॅस्टोरल. तिचा उगम कवितेत आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिरॅक्यूजचा थिओक्रिटस मेंढपाळांच्या कविता लिहीत होता. दोनएक शतकांनी रोममध्ये व्हर्जिलने तोच धागा उचलला. नांगरणी, कापणी, मळणी यांची चित्रं म्हणजे घामाची चित्रं. त्यांचा वंश वेगळा, पण चित्रकारांनी दोन्ही एकमेकांत मिसळले, म्हणून इथे दोन्ही घेतले आहेत.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. व्हर्जिलच्या पहिल्याच गोपकाव्यात दोन मेंढपाळ भेटतात. एक झाडाखाली पावा वाजवत बसलाय, कारण त्याची जमीन वाचली आहे. दुसरा शेळ्या पुढे घालून गाव सोडून चालला आहे, कारण त्याची जमीन सैनिकांना वाटून टाकली. जमीन कुणाची हा प्रश्न या परंपरेत बाहेरून कुणी आणलेला नाही. तो तिच्या पहिल्या पानावरच आहे.

२. चित्र सुंदर आहे, तेवढं पुरे नाही का? त्यात सामाजिक वर्ग कशाला आणायचा?

तो आपण आणत नाही. चित्र तयार होतानाच तो त्यात असतो, कारण चित्राचे पैसे कुणीतरी दिलेले असतात.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण १४१२ ते १४१६ या काळात, लिम्बुर्ग भावांनी फ्रान्सच्या राजघराण्यातल्या बेरीच्या ड्यूकसाठी प्रार्थनांची एक पोथी रंगवली. तिच्यात बारा महिन्यांची बारा पानं आहेत. जानेवारीच्या पानावर ड्यूक स्वतः मेजवानीला बसलाय. फेब्रुवारीच्या पानावर बर्फ आहे आणि शेतकऱ्याच्या घराची एक भिंतच चित्रकाराने काढून टाकली आहे. आत माणसं विस्तवाशी शेकत बसली आहेत. पुढची बाई सभ्यपणे घागऱ्याची कड उचलून बसलेली, मागच्या दोघांनी मात्र कपडे इतके वर घेतलेत की सगळं उघडं पडलंय. ड्यूकच्या मेजवानीत असं कुणाचं दाखवलेलं नाही. दोन्ही पानं अप्रतिम आहेत. दोन्हींच्या मालकीचा हात एकच आहे, हेही तितकंच खरं.

अशा चित्रांपुढे उभं राहिल्यावर मी धान्याचा माग काढते. पीक दिसतंय, पण ते जातंय कुणाच्या घरी? नेणारा माणूस चित्रात आहे का? पुढची बहुतेक उत्तरं याच वाटेने गेली आहेत.

३. तुम्ही 'दृष्टिकोन' म्हणता तेव्हा चित्रकाराचं मत अभिप्रेत असतं की यथार्थदर्शन?

दोन्ही, आणि आपल्या भाषेत ते एकाच शब्दात मावतं : दृष्टीचा कोन. यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर जवळ-लांब दाखवण्याची रीत, शिकताना आपण आधी क्षितिजरेषा आखतो. ती रेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. त्यामुळे बघणारा किती उंचावर उभा होता याची नोंद अशा प्रत्येक चित्रात आपोआप होते.

फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगेलचं १५६५ चं कापणीचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात आपण टेकाडावरून पाहतो : पिवळंधमक शेत, झाडाखाली जेवणारी माणसं, पाय फाकून झोपलेला एक गडी, उतारावरून निघालेली भरलेली गाडी आणि पार लांब पाण्यात जहाजं. गव्हाच्या ताटांत वाकलेल्याला यातलं काहीच दिसत नसतं. अँटवर्पच्या निक्लास योंगहेलिंक या व्यापाऱ्याने ऋतूंची ही चित्रमालिका आपल्या घरासाठी करून घेतली. ज्याची नजर जहाजापर्यंत पोचते, तो इथे बघणारा आहे.

आता फ्रेंच चित्रकार ज्यां-फ्रान्स्वा मिलेचा १८५० चा पेरणी करणारा पाहा. तिथे आपण खाली आहोत आणि बी फेकत उतरणारा माणूस आभाळावर उमटलाय. विषय शेतीचाच, पण आपले पाय दुसरीकडे आहेत.

४. गेन्सबरोच्या 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज'मध्ये शेतात एकही माणूस का नाही?

इंग्लिश चित्रकार टॉमस गेन्सबरोचं हे चित्र साधारण १७५० चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डावीकडे ओकच्या झाडाखाली नवविवाहित जोडपं. तो बंदूक काखेत घेऊन उभा, ती निळ्या रेशमात बाकावर बसलेली. उजवीकडे अर्ध्याहून जास्त चित्र म्हणजे एसेक्स परगण्यातली त्यांची जमीन. पेंढ्या बांधून उभ्या केल्या आहेत, आणि कापलेल्या पिकाचे खुंट पाभरीने पेरल्यासारखे सरळ ओळीत आहेत. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये यंत्राने पेरणं ही नव्या विचाराच्या जमीनदाराची खूण होती.

कापणाऱ्या, बांधणाऱ्या, पेंढ्या रचणाऱ्या हातांपैकी एकही हात नाही. हे जोडप्याचं व्यक्तिचित्र आहे, त्यात मजूर कशाला, असं कुणी म्हणेल. पण मग अर्धं चित्र शेताला का दिलं? जमीन हाही त्या व्यक्तिचित्राचा भाग होता, आणि जमीन दाखवायची तर ती एकट्या मालकाची दिसायला हवी होती.

मागची गोष्टही जाणून घ्या. इंग्लंडमध्ये सामायिक कुरणं आणि मोकळी शेतं कुंपण घालून खासगी करण्याचे पाच हजारांहून जास्त कायदे १६०४ पासून पुढच्या तीन शतकांत संसदेत झाले. सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांत गेली, आणि त्यांतला मोठा भाग १७५० नंतरच्या शंभर वर्षांतला. आपल्याकडे गायरान गेलं की गुरं असलेल्या भूमिहीनाचं काय होतं ते सांगावं लागत नाही. तिथेही तेच झालं.

५. मग इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल खोटं रंगवत होता का?

नाही, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. 'द हे वेन' (गवताची गाडी, १८२१) मधलं पाणी, भिजलेलं लाकूड, पावसाचं आभाळ त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं. त्याचे वडील फ्लॅटफर्डच्या पाणगिरणीचे मालक आणि धान्याचे व्यापारी. चित्रातला देखावा याच गिरणीच्या काठावरून दिसतो. म्हणजे बघणाऱ्याचे पाय शब्दशः वडिलांच्या आवारात आहेत, आणि रंगवणारा मुलगा लंडनच्या स्टुडिओत.

कापणारी माणसं आहेत, पण पार उजवीकडे, लांब, पांढऱ्या ठिपक्यांएवढी. नेपोलियनशी युद्ध १८१५ मध्ये संपलं, धान्याचे भाव पडले, मजुरांना काम मिळेना. १८१६ आणि पुन्हा १८२२ मध्ये त्याच पूर्व इंग्लंडात मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, आगी लावल्या. त्या आगींच्या बातम्या कॉन्स्टेबलला गावाकडून भावाच्या पत्रांतून कळत होत्या. मजूर ठिपक्यांएवढे असले की चेहरे रंगवावे लागत नाहीत. यात लबाडी नसेल, पण निवड आहे.

इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्सच्या १७८५ च्या कापणीच्या चित्रात मजूर अगदी जवळून दिसतात, पण त्यांचे कपडे परीटघडीचे आणि शेजारी घोड्यावर देखरेख करणारा बसलेला. हा घोडेस्वार लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये तो पुन्हा येतो.

६. ब्रॉयगेल शेतकऱ्यांची टिंगल करतो, हे खरं का?

अभ्यासकांत यावर वाद जुना आहे. १६०४ मध्ये चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल फान मांडरने लिहून ठेवलं की ब्रॉयगेल आणि त्याचा एक व्यापारी मित्र शेतकऱ्यांचा वेश करून खेड्यातल्या लग्नांना जात, वऱ्हाडी असल्यासारखे जेवत आणि माणसं न्याहाळत. म्हणजे त्याला आत शिरायला वेश लागत होता. तरी कापणीच्या चित्रातला तो झोपलेला गडी पाहिला की मला टिंगल दिसत नाही. भर दुपारी पाठ टेकली की शरीर असंच सांडतं.

७. मिलेच्या 'सरवा वेचणाऱ्या' तीन बायकांना पाहून पॅरिसचे लोक का घाबरले?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. चित्र १८५७ चं, आता पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात. आकार साधारण ८४ बाय ११० सेंटिमीटर, म्हणजे फार मोठंही नाही.

कापणी झाल्यावर शेतात गळून पडलेली कणसं वेचणं म्हणजे सरवा. आपल्याकडे भूमिहीन बाया आणि म्हाताऱ्या हे करत आल्या आहेत. फ्रान्समध्ये गरिबांना तो हक्क होता, पण कायद्याच्या चौकटीत. १८१० च्या दंडसंहितेप्रमाणे शेत पूर्ण रिकामं होण्याआधी, किंवा सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर वेचलं तर दंड होता. इंग्लंडमध्ये तर १७८८ मध्ये कोर्टाने सांगून टाकलं की सरवा वेचण्याचा असा हक्कच कायद्यात नाही.

आता चित्रात या. पुढे तीन बायका. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट उठून आपली मूठभर ओंब्यांची जुडी सावरतेय. वाकलेल्या दोघी क्षितिजरेषेच्या खालीच राहतात. आपण उभे आहोत आणि त्या वाकलेल्या, हे रेषाच सांगते. मागे लांब सोनेरी उजेडात गाडी भरून चाललीय, धान्याच्या गंजी रचल्यात, माणसांची लगबग आहे, आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला एक कारभारी. धान्य कुठे जातंय ते इथे स्वच्छ दिसतं. एकाच शेतात मागे डोंगराएवढी गंज आणि पुढे मूठ. मिलेने यापलीकडे एक अक्षरही सांगितलेलं नाही.

भीतीचं कारण चित्राबाहेरही होतं. १८४८ च्या क्रांतीने फ्रान्समधल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मत दिलं, आणि त्याच वर्षी खेड्यांच्या मतांवर लुई नेपोलियन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. पॅरिसला एकाएकी कळलं की शेतात वाकलेली माणसं संख्येने जास्त आहेत. म्हणून प्रदर्शनात चित्र लागल्यावर एका समीक्षकाला त्या बायकांमागे फ्रेंच राज्यक्रांतीतले १७९३ चे वधस्तंभ दिसले, तर दुसऱ्याला त्या दारिद्र्याच्या तीन नियतिदेवता वाटल्या.

या चित्राची छापील प्रत मी एकदा माझ्या आजीला दाखवली होती. तिने लहानपणी सरवा वेचलेला. डावीकडच्या बाईवर बोट ठेवून ती म्हणाली, "हिला सवय हाय. जुडी पाठीमागं धरलीय बघ, म्हंजी वेचताना आड येत न्हाई." हे निरीक्षण मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं.

८. ब्रतोंनेही हाच विषय रंगवला. त्याला का डोक्यावर घेतलं?

फ्रेंच चित्रकार ज्यूल ब्रतोंचं १८५९ चं चित्र सम्राट तिसऱ्या नेपोलियनने (प्रश्न ७ मधला लुई नेपोलियन तो हाच) विकत घेतलं, यावरून फरक कळावा. संध्याकाळ, आभाळात चंद्रकोर, बायका भारे घेऊन परततायत. मधली तर ग्रीक पुतळ्यासारखी ताठ चालतेय. डावीकडे राखणदार तोंडाशी हात नेऊन सगळ्यांना हाक मारतोय, कारण सूर्य मावळला. प्रश्न ७ मधला कायदाच इथे उभा आहे, पण तो मायेने हाक मारणारा दिसतो. आणि प्रत्येकीच्या भाऱ्यात भरपूर धान्य आहे.

ब्रतोंचे वडील एका श्रीमंत जमीनमालकाची जमीन सांभाळत. त्याच्या चित्रात राखणदार भला दिसतो याचं मला त्यामुळे नवल वाटत नाही. बायका त्याने खऱ्या शेतात पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या चालण्यातला डौलही खोटा नाही. पाठ मात्र कुणाचीच दुखत नाही.

९. मिले स्वतः शेतकऱ्याचा मुलगा होता. म्हणजे त्याची नजर 'आतली' मानायची ना?

अर्धी. नॉर्मंडीतल्या ग्रुशी गावात १८१४ साली तो जन्मला आणि तरुणपणी शेतात राबला. पण घर अगदी नागडं गरीब नव्हतं. त्याला लॅटिन येत होतं आणि व्हर्जिल त्याने वाचला होता (प्रश्न १). १८३७ मध्ये शेरबूर शहराच्या शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला, आणि १८४९ मध्ये पॅरिसजवळच्या बार्बिझाँ गावाला राहायला आला तो चित्रकार म्हणून. तिथल्या मोठ्या शेतांवरच्या मजूर बायका त्याच्या घरच्या नव्हत्या. वाकल्यावर कंबर कशी धरते हे त्याला आठवत होतं, आणि उभं राहून बघण्याची सोयही आता त्याला होती. दोन्ही त्याच्या चित्रांत आहेत.

चित्र विकलं गेल्यावर तर नजर आतली की बाहेरची हे चित्रकाराच्या हातातच राहत नाही. त्याचं 'अँजेलस', बटाट्याच्या शेतात घंटा ऐकून प्रार्थनेला थांबलेलं जोडपं, १८८९ च्या लिलावात ५,५३,००० फ्रँकला गेलं. मिलेला जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळावा, असा कायदा फ्रान्सने १९२० मध्ये केला. त्या मागणीच्या वेळी या चित्राचं उदाहरण वारंवार दिलं जाई.

१०. बाहेरच्या माणसाने गरिबांचं चित्र काढूच नये, असं तुमचं म्हणणं आहे का?

मुळीच नाही. व्हॅन गॉग पाद्र्याचा मुलगा. नेदरलंड्समधल्या नूनेन गावात त्याने शेतकऱ्यांचे चेहरे महिनोन्महिने रंगवले आणि १८८५ मध्ये 'बटाटे खाणारे' पुरं केलं. ज्या हातांनी माती उकरली तेच हात ताटात जातायत, हे दिसावं असं त्याला वाटत होतं, आणि ते दिसतं. इथे धान्याचा माग सर्वांत आखूड आहे : पिकवलेलं पिकवणाऱ्याच्याच तोंडात. इतकंच त्यांच्याकडे उरतं, असंही त्यातून वाचता येतं. आपण टेबलाच्या उंचीवर, दिव्याच्या उजेडात, जवळजवळ त्यांच्यातच बसलोय.

पण ज्यांची चित्रं काढली त्यांना त्याची किंमत मोजावी लागू शकते. त्याच वर्षी गावच्या कॅथलिक धर्मगुरूने लोकांना त्याच्यासमोर बसायला मनाई केली. व्हॅन गॉग गाव सोडून गेला. ती माणसं तिथेच राहिली.

११. फ्रान्सची राणी गुराखीण होऊन खेळायची, ही गोष्ट खरी का?

व्हर्सायच्या बागेत १७८३ पासून राणी मारी आंत्वानेतसाठी एक खेडं बांधलं गेलं, एवढं पक्कं. रिशार मीक हा त्याचा वास्तुविशारद. शेतघर, दुग्धशाळा, तळं असं सगळं, आणि भिंतींना मुद्दाम रंगवलेल्या भेगा. राणी स्वतः गाईंची धार काढत असे वगैरे गोष्टी नंतर फुगल्या. तिथलं शेत खरं चालायचं आणि ते चालवायला शेतकरी कुटुंब नेमलेलं होतं.

१२. आपली कृष्णाची चित्रं, गौळणी यांनाही हेच लागू होतं का?

सरसकट नाही, कारण इथला गुराखी देव आहे. भक्तीला बाजूला सारून ही चित्रं वाचू नयेत असं मला मनापासून वाटतं. पण माग इथेही निघतो. हिमाचलातल्या कांग्र्याच्या दरबारी चित्रांतल्या गोपी राजघराण्यातल्या स्त्रियांसारख्या नटलेल्या आहेत, कारण ती चित्रं राजांसाठी होती. भागवताच्या दहाव्या स्कंधात मात्र नंद कंसाचा वार्षिक कर भरायला मथुरेला जातो, आणि तो तिकडे असताना पूतना गोकुळात येते. आपल्या तमाशातली गौळणही मथुरेच्या बाजाराला निघालेली असते, आणि पेंद्या तिची वाट अडवतो. दूध-लोणी शहराकडे जातं हे आपल्या लोककलेने कधीच लपवलं नाही.

१३. वारली चित्रं तर गावातल्यांनीच काढलेली. तिथे वर्गाचा प्रश्न येतोच कुठे?

हा प्रश्न खरोखर अवघड आहे. तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेल्या लग्नाच्या चौकात क्षितिजरेषा नसते. घर समोरून दिसतं, तारप्याच्या (फुंकून वाजवायच्या वाद्याच्या) तालावरचा नाचाचा फेर वरून दिसतो, आणि बघणारा असा कुठेच एका जागी उभा नाही. तो फेरातच आहे. चौक काढणाऱ्या सुवासिनी त्यांच्याच समाजातल्या असतात. म्हणून ही आतली नजर, यात शंका नाही.

पण त्याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. ती वेठ मोडायला १९४५ मध्ये वारल्यांना उठाव करावा लागला. भिंतीवर लग्न, आणि त्या लग्नाचं कर्ज भिंतीबाहेर. हे ठाऊक झाल्यापासून मी चौकाकडे पूर्वीसारखी पाहू शकत नाही, आणि त्याचं पावित्र्यही मला जास्त कळतं.

१९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आता वारली नक्षी फ्लॅटच्या भिंतीवर असते, तेव्हा ते चित्र आतलंच राहतं, पण बघणारे आपण प्रश्न ३ मधल्या व्यापाऱ्याच्या जागी असतो. विकत जरूर घ्या. काढणाऱ्याचं नाव विचारून, त्याच्याच हातून घ्या.

१४. मुलगी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतेय. स्मरणचित्रात खेडं आलं तर दोन डोंगर, सूर्य आणि कौलारू घर काढलं तर चुकेल का?

चुकणार नाही. मीही तेच काढून पास झाले. पण पेपरला 'स्मरणचित्र' म्हणतात, तर तिला विचारा की तिला खरोखर काय आठवतं. गेल्या दिवाळीत गावी जाताना उसाच्या फडात तिने काय पाहिलं? फडात नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात आणि मजुरी टनावर असते. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत नेते, बांधावर मुकादम उभा असतो, आणि पाचटात एखादं पोर झोपलेलं असतं. क्षितिजरेषा कुठे घ्यायची ते तिला ठरवू द्या : रस्त्यावरच्या गाडीच्या काचेच्या उंचीवर, की मोळी उचलायला वाकलेल्या बाईच्या.